दीक्षितांची ठेव

नरकचतुर्दशीची पहाट म्हणजे आपल्या घरात केवढी धांदल! कोणी उटणे कालवतो आहे, कोणी कारीट शोधतो आहे, धाकटी मंडळी फटाक्यांच्या पुडीवर डोळा ठेवून कशीबशी अंगाला तेल लावून घेत आहेत. शेवटी सारे घर फराळाच्या ताटांभोवती गोळा होते आणि चकली खुसखुशीत झाली की वातड, यावर चर्चा रंगते. मीही त्या चर्चेत हिरिरीने भाग घेतो. परंतु गेली तीन वर्षे, या दिवशी माझे मन थोडा वेळ दूर दक्षिणेत जाऊन येते. मदुरा आणि तुतिकोरीन यांच्या मधल्या मुलखात एट्टयपुरम नावाचे एक छोटेसे संस्थान होते. १८३५ साली याच नरकचतुर्दशीच्या दिवशी तिथे मुत्तुस्वामी दीक्षित वारले. कर्नाटक संगीतातले तीन महान रचनाकार म्हणजे त्यागराज, श्यामाशास्त्री आणि दीक्षित. तिघेही एकाच तिरुवारूर गावात, अवघ्या तेरा-चौदा वर्षांच्या अंतराने जन्मले. अंतकाळी दीक्षितांनी शिष्यांना मीनाक्षीदेवीवरची आपली एक कृती म्हणायला सांगितली आणि ती ऐकत ऐकत प्राण सोडला, असे परंपरा सांगते.

मी काही संगीतातला जाणकार नव्हे. शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या वाटेला मी गेलो तो एका चुटपुटीपायी.

आमच्या गावी एक वृद्ध कीर्तनकार बुवा होते. साकी, दिंडी, ओवी, कटाव यांच्या जुन्या चाली त्यांच्याकडे इतक्या होत्या की एका आख्यानात आलेली चाल दुसऱ्यात सहसा येत नसे. माझा गळा बरा म्हणून ते मला म्हणत, “अरे, येऊन बस जरा. चार चाली तुझ्या गळ्यात घालून ठेवतो.” मी म्हणे, “बुवा, दिवाळीच्या सुटीत नक्की.” सुटी येई आणि जाई. घरात टेपरेकॉर्डर होता, पण तो सिनेमाच्या गाण्यांसाठी! मी नववीत असताना बुवा गेले. त्यांच्या चालींपैकी आज मला दीड चाल येते, आणि तीही बरोबर आहे की नाही हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईला आलो. शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने माटुंग्याला तिच्या आजीची ओळख झाली. सारी चाळ त्यांना मामी म्हणते, मीही म्हणू लागलो. वय ऐंशीच्या पुढे, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, मराठी अगदी स्वच्छ. दारावर पाटी नाही. पण संध्याकाळी चार-पाच मुली जमिनीवर मांडी घालून शिकायला बसलेल्या असतात. एकदा बोलता बोलता मी आमच्या बुवांचा विषय काढला, तर मामी म्हणाल्या, “साकी, दिंडी? मास्तर, त्या आमच्याकडेही आहेत की! तुमच्याच लोकांनी आणल्या.”

हे मात्र मला ठाऊक नव्हते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापले, हे मी दरवर्षी मुलांना शिकवीत होतो. परंतु पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीमागे केवढे जग आहे, हे मामींमुळे कळले. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. तिथल्या तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ लिहिला. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तिकडे गेलेल्या मराठी कीर्तनकारांचे ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि आपल्या साक्या, दिंड्या, अभंग कावेरीकाठी रुजले. आमच्या बुवांच्या गळ्यातून निसटलेल्या चालींची भावंडे अशी तिथे सुखाने नांदत होती!

याच तंजावरात, सरफोजीराजांच्या काळात, मुत्तुस्वामी दीक्षित काही दिवस राहिले होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे भाऊ त्यांचे शिष्य. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला तो याच चौघांनी. दीक्षितांची वृत्ती मात्र दरबारी नव्हे. तारुण्यात ते एका योग्याबरोबर काशीला जाऊन राहिले, तिथे त्यांनी उत्तरेचे संगीत ऐकले आणि ते पचवून दक्षिणेत परतले. मद्रासच्या किल्ल्यातल्या इंग्रजी बँडच्या सुरावटी आवडल्या, तर त्यांवरही त्यांनी संस्कृतात देवांची गीते रचली. आज कर्नाटक संगीताची मैफल व्हायोलिनशिवाय होत नाही. ते वाद्य त्या संगीतात आणण्याचे श्रेय त्यांच्याच धाकट्या भावाला, बालुस्वामींना, देतात.

दीक्षितांच्या बहुतेक कृती संस्कृतात असल्यामुळे आपल्यालाही त्यांचा अर्थ थोडाफार लागतो. कृतीत ‘गुरुगुह’ ही त्यांची मुद्रा असते आणि कित्येकदा रागाचे नावही शब्दांत चतुराईने गुंफलेले असते. चाल संथ, भारदस्त. शेवटी शेवटी काही ओळी दुप्पट लयीत धावतात आणि पुन्हा मूळ पदावर येऊन थांबतात. तिरुवारूरच्या कमलांबेवरच्या त्यांच्या नवावरण कृती नवरात्रात एकेका रात्री एक अशा गायल्या जातात.

परंतु मला सर्वांत नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांच्या पदरी व्यंकटमखी नावाचा पंडित होता. ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात त्याने स्वरांचे हिशेब मांडून ७२ मेळ सिद्ध केले. आपण थाट म्हणतो, तसेच हे मेळ. त्यांतले पुष्कळसे त्या वेळी नुसते कागदावर होते; घर बांधायला जागा आखून ठेवावी, तसे. पुढे त्याच्या परंपरेत या मेळांना कनकांबरी, फेनद्युति अशी गोड नावे मिळाली, आणि दीक्षितांनी अशा अनोळखी रागांतही कृती रचून त्या रिकाम्या जागांवर घरे उभी केली. अशा रागाचा संसार कधी कधी एकाच कृतीवर चालतो. ती कृती येणारा शेवटचा माणूस गेला की राग गेला. मग आरोह-अवरोह लिहिलेला राहील, पण राग कसा चालतो, कुठे रेंगाळतो, हे कोण सांगणार?

आणि हे सारे धन होते तरी कुठे? दीक्षितांच्या शिष्यांच्या कंठात आणि त्यांच्या घराण्यात. बालुस्वामी एट्टयपुरमच्या दरबारी विद्वान झाले. त्यांनी आपल्या मुलीच्या मुलाला दत्तक घेतले, तेच सुब्बराम दीक्षित. जन्म १८३९ चा. कृती, राग, गमक, जुन्या पोथ्या, सारी ठेव या एका गृहस्थाकडे आली. गावातल्या जुन्या वाड्यात एखादी कुलुपबंद पेटी असावी आणि किल्ली एकट्या आजोबांच्या कमरेला, तसा तो प्रकार.

ती पेटी उघडायला कोण आले असेल? मोठा गवई नव्हे, राजा नव्हे. मद्रासच्या सरकारी कचेरीत काम करणारे चिन्नस्वामी मुदलियार नावाचे एक गृहस्थ आले. धर्माने ख्रिस्ती, शिक्षणाने एम.ए. आणि छंद एकच, की आपले संगीत विसरले जाण्याआधी लिहून काढायचे. युरोपीय पद्धतीच्या स्वरलिपीत, त्या पाच रेघांवर, ते कर्नाटक संगीत उतरवून घेत आणि १८९० नंतरच्या दशकात पदरच्या पैशाने छापीत. त्यागराजांच्या कृतींसाठी त्यांनी त्या शिष्यपरंपरेतल्या जाणत्यांना गाठले आणि दीक्षितांच्या कृतींसाठी सुब्बरामांना.

सुब्बराम प्रथम कचरले. आपण त्यांना चटकन कंजूष म्हणू, पण ते खरे नाही. ज्याने आयुष्यभर गुरूपुढे बसून एकेक कृती मिळवली, त्याला ती कागदावर काढून बाजारात ठेवायची धास्ती वाटणारच. उद्या कोणी ती वेडीवाकडी म्हणून दाखवील आणि छापलेले आहे म्हणून तीच खरी ठरेल! दुसरीकडे मुदलियारांचे म्हणणेही खोटे नव्हते: उद्या म्हणणाराच उरला नाही तर? एकाला ठेव बिघडण्याची भीती, दुसऱ्याला ती बुडण्याची. या दोन भीतींच्या मध्ये ती सारी विद्या लोंबकळत होती.

मुदलियारांनी चिकाटी सोडली नाही. पैसा संपत आला, डोळे निकामी झाले, तरी शतक सरता सरता ते एट्टयपुरमला गेले आणि त्यांनी खुद्द राजालाच गळ घातली. राजाने ती मानली. सुब्बराम दीक्षित लिहायला बसले, छपाई संस्थानच्या विद्याविलासिनी छापखान्यात सुरू झाली आणि १९०४ साली ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू लिपीतला प्रचंड ग्रंथ बाहेर पडला. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या २२९ कृती, इतर रचनाकारांच्या रचना, ७२ मेळांचा पसारा, रागांची लक्षणे, जुन्या संगीतकारांची चरित्रे, सारे त्यात आहे. नुसते सा-रे-ग-म लिहून वृद्ध दीक्षितांचे समाधान झाले नाही. स्वर कुठे हलवायचा, कुठे घसरत वर न्यायचा, कुठे उतरवायचा, कुठे हलकेच दाबायचा, यासाठी त्यांनी निरनिराळी चिन्हे वापरली. ठेव देताना ती बिघडू नये, याची केवढी ही काळजी! ज्यांनी हा हट्ट धरला ते मुदलियार मात्र ग्रंथ पाहायला उरले नव्हते. १९०६ साली सुब्बरामही गेले. दोन वर्षे उशीर झाला असता, तर?

याच १९०४ साली मुंबईचा एक वकील दक्षिणेत संगीतयात्रा करीत होता. ते आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे. तेही एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितांना भेटले. व्यंकटमखीच्या ग्रंथाची पोथी त्यांना तिथे पाहायला मिळाली आणि ७२ मेळांचा विचार डोक्यात घेऊन ते परतले. पुढे त्यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत जी मांडणी केली, तिच्यात या दक्षिणयात्रेचा वाटा आहे. इकडेही त्यांनी मुदलियारांसारखाच खटाटोप केला. पिढीजात उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवून त्या ‘क्रमिक पुस्तक-मालिके’त छापल्या. आज गाण्याच्या क्लासात मुलगी जी बंदिश सहज म्हणून जाते, तिच्यामागे एखाद्या खाँसाहेबांची अशीच मोठ्या मिनतवारीने उघडलेली पेटी असते.

एकदा ग्रंथ छापला म्हणजे काम संपले, असे आम्हा लिहिणाऱ्यांना वाटते. तिकडे तसे झाले नाही. सुब्बरामांचे चिरंजीव अंबि दीक्षित पुढे मद्रासला आले. ग्रंथ उपलब्ध असतानाही टी. एल. वेंकटराम अय्यर नावाचे एक कायदेपंडित त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले आणि दीक्षितांच्या कृती मुखानेच शिकले. हे गृहस्थ पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी त्या कृती डी. के. पट्टम्माळ यांना दिल्या, पट्टम्माळ स्वतः अंबि दीक्षितांकडेही शिकल्या, आणि त्यांच्या गळ्यातून त्या कृती घरोघरी गेल्या. काही कृती आज ग्रंथात एक तऱ्हेने आणि गळ्यात दुसऱ्या तऱ्हेने आढळतात. खरे कोणते, यावर तिकडचे विद्वान अजून भांडतात. मला त्या भांडणाचेही कौतुक वाटते. आमच्या बुवांच्या चालीवर भांडायला दोन माणसे उरली असती, तर मी त्यांना फराळाला बोलावले असते!

हे सारे कळल्यावर मागच्या वर्षी मी मामींना म्हटले, “मलाही एक कृती शिकवा. जी फारशी कोणाला येत नाही, ती.” त्या हसल्या, पण बसवून घेतले. माझा मोबाइल मी समोर ठेवला. त्या म्हणाल्या, “यंत्रात ठेवशील खुशाल. मग म्हणणार कोण?” तेव्हापासून दर शनिवारी मी त्या मुलींच्या मागे बसतो. मामी मांडीवर ताल धरतात, एक ओळ म्हणतात, मी म्हणतो, त्या मान हलवतात आणि तीच ओळ पुन्हा म्हणतात. एका स्वरावरच्या हेलकाव्यासाठी आमचे तीन शनिवार गेले. ग्रंथात त्या जागी एवढीशी नागमोडी खूण आहे. ती मी पाहिली होती, वाचलीही होती. पण त्या खुणेचा अर्थ मला मामींची मान हलताना कळला. वर्षभरात माझ्या पल्लवीच्या दोन ओळी झाल्या आहेत. माझी विद्यार्थिनी तेवढ्यात दोन कृती शिकून बसली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नरकचतुर्दशीला मामी पहाटे स्नान करून, दिवा लावून दीक्षितांची ती मीनाक्षीची कृती म्हणतात. त्यांच्या गुरूंच्या घरची रीत. यंदा त्यांनी मला बोलावले आहे. फराळाचे डबे घेऊन मी सहकुटुंब जाणार आहे. मोबाइल खिशात असेल, पण बंद. मुलालाही बरोबर नेतो आहे. तो यंदा नववीत आहे. “कशाला?” असे तो म्हणाला. मी त्याला आमच्या बुवांची ती दीड चाल म्हणून दाखवली. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “बाबा, पुढची ओळ?”

ती मला येत नाही.