साचा आणि गोलाई : जयपूरच्या निळ्या भांड्यांचा इतिहास

मराठीत ‘साचेबंद’ हा शब्द कौतुकाने क्वचितच वापरला जातो. हाताने घडवले ते अस्सल आणि साच्यातून निघाले ते नक्कल, अशी आपली धारणा असते. जयपूरची निळी भांडी मात्र या धारणेला अपवाद आहेत.

या भांड्यांत कुंभाराची चिकणमाती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक मळून त्यांचा गोळा तयार होतो. चिकणमातीचे चपटे कण ओले असताना एकमेकांवरून सरकतात, पण सुटत नाहीत; म्हणून चाकावर तिची भिंत वर उचलता येते. गारगोटीच्या कणांत हा गुण नाही. त्यामुळे कारागीर हा गोळा पोळीसारखा लाटतो, प्लास्टरच्या साच्यात बसवतो आणि त्यावर राख किंवा बारीक वाळू दाबून भरतो. साचा उपडा करून उचलला, तरी आतल्या राखेमुळे आकार टिकतो. वाळल्यावर राख काढतात आणि चाकावर केलेली मान व बैठक जोडतात. येथे साचा ही पळवाट नसून पदार्थाची गरज आहे.

साच्याचे प्लास्टर म्हणजे भाजलेले जिप्सम. सुमारे 150 अंश सेल्सिअसला जिप्सममधील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते. पूड पाण्यात कालवली की ते पाणी पुन्हा स्फटिकांत बांधले जाते आणि लगदा घट्ट होतो, हे लाव्हाझिए यांनी 1765 मध्ये मांडले. जास्तीचे पाणी वाळून गेले की मागे सूक्ष्म छिद्रे उरतात. ती ओल शोषतात आणि भांडे साच्यापासून सुटते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामात असे साचे रूढ झाले.

मूळ भांडे गोल पोटाचे असेल, तर त्याचा साचा एकसंध करता येत नाही. भांडे आत अडकते. म्हणून ते सर्वांत रुंद घेरापर्यंत मातीत पुरतात, उघड्या भागाला साबण लावतात आणि प्लास्टर ओततात. ते घट्ट झाल्यावर भांडे उलटून दुसरा अर्धा भाग ओततात. दोन भागांची सांधरेषा त्या घेरावरूनच जावी लागते.

जयपुरात ही कला सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द 1835–1880) यांच्या आश्रयाने रुजली, पण विसाव्या शतकाच्या मध्यास ती जवळजवळ नामशेष झाली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी तिला पुन्हा उभे केले. 1974 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भांड्याचा आकार साच्यात जपता येतो. मिश्रणाचे प्रमाण, चकाकीचा लेप आणि भट्टीचा ताप यांचा साचा मात्र निघत नाही; ते ज्ञान माणसांसोबत जाते. म्हणून ते मोजून, लिहून ठेवणे हेही विज्ञानाचेच काम आहे.