इंजिनाच्या पाण्याची कुळकथा

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांची पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाशी पहिली ओळख विहिरीवर झाली. दारात मोटार उभी राहिली ती फार पुढे. मोटेची जागा ऑइल इंजिनानं घेतली, आणि ती इंजिनं घडवणारे कारखानेही याच मुलखात उभे राहिले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी काढलेला कारखाना नांगर बनवता बनवता 1930 च्या दशकात डिझेल इंजिनांकडे वळला. देशात डिझेल इंजिन बनवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांत त्याची गणना होते. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. तिकडे कुंडलच्या माळावर, औंध संस्थानानं दिलेल्या जमिनीवर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि मग पंप तिथे तयार होऊ लागले. 1946 मध्ये याच घराण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात सुरू झाली.

आज मोटारीच्या बाटलीत जे रंगीत कूलंट दिसतं, त्याचं काम समजून घ्यायला या विहिरीवरच्या इंजिनासारखी दुसरी शाळा नाही. जळलेल्या तेलातली साधारण एक तृतीयांश उष्णताच कामी येते. जवळपास तेवढीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग सिलिंडरभोवतीच्या पाण्याला उचलावा लागतो. विहिरीवर याची सोय दोन तऱ्हांनी केलेली असे. पहिल्या तऱ्हेत पंपाच्या पाइपमधून एक बारीक फाटा काढून विहिरीचं पाणी इंजिनाभोवती फिरवायचं आणि पाटात सोडून द्यायचं. दुसऱ्या तऱ्हेत शेजारी पाण्यानं भरलेलं पिंप ठेवायचं. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या नळीनं पिंपात चढतं, गार पाणी जड असल्यानं खालच्या नळीनं इंजिनात येतं. पंप नसतानाही पाणी आपोआप फिरत राहतं. फोर्डच्या सुप्रसिद्ध मॉडेल टी मोटारीतही पाणी याच नियमानं फिरत असे.

पहिल्या तऱ्हेत एक खोट होती. विहिरीचं थंडगार पाणी सतत खेळवलं की इंजिन गरजेपेक्षा गार राहायचं. गार सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या लायनरवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं, ज्वलनातून तयार झालेली वाफ थंड भिंतीवर आम्ल होऊन बसते आणि लायनर झिजतो. म्हणून जाणकार माणूस फाट्याची तोटी आवळून ठेवी आणि बाहेर पडणारं पाणी चांगलं गरम आहे ना, हे हात लावून पाही. मोटारीतला थर्मोस्टॅट हेच काम करतो. पाणी साधारण 80 ते 90 अंशांवर जाईपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. रस्त्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि तशीच गाडी वर्षानुवर्षं चालवायची, ही सवय इंजिनाचं आयुष्य कमी करते.

दुसरी खोट पाण्यातच होती. महाबळेश्वरला कोसळणारं पावसाचं पाणी मऊ. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या अवर्षणी तालुक्यांतलं बोअरचं पाणी मात्र जड आहे. वाळवा, पलूस, मिरज भागात तर अतिसिंचनानं जमिनीच क्षारपड झाल्या. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना वेगळा होऊन लोखंडावर पांढरा थर धरतो. हा थर उष्णतेला अडवतो. भरपूर पाणी फिरत असतं, तरी ते धातूपर्यंत पोचत नाही आणि इंजिन तापतं. शेतावरच्या इंजिनाचं जॅकेट उघडून हा थर खरवडता येई. मोटारीच्या रेडिएटरमधल्या बारीक नळ्या अशा खरवडता येत नाहीत.

त्या बारीक नळ्यांचा इतिहास जर्मनीत सुरू होतो. कार्ल बेंझच्या 1886 च्या पेटंटमधल्या तीनचाकी मोटारीत पाणी उकळून वाफ होऊनच उष्णता नेत असे, त्यामुळे वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावं लागे. विल्हेल्म मायबाखनं 1900 च्या सुमारास 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी 8,070 छोट्या चौकोनी नळ्या जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. नळ्यांमधून वारा वाहायचा आणि त्यांच्या फटींतून पाणी. थोडक्या पाण्यात मोठं इंजिन थंड ठेवता येऊ लागलं, आणि आजच्या मोटारीचा चेहरामोहरा तिथून घडला.

थंड देशांत मात्र पाण्याचा दुसराच दोष जाच करत होता. हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकसुद्धा फोडतं. म्हणून लोक त्यात अल्कोहोल, ग्लिसरीन, अगदी मीठही मिसळून पाहत. अल्कोहोल उडून जाई, मीठ धातू खाई. यावरचं औषध बरंच आधी सापडलेलं होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदॉल्फ व्यूर्त्झनं 1856 मध्ये इथिलीन ग्लायकॉल तयार केलं होतं, पण साठ वर्षं त्याला मोठं गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी ग्लिसरीन कमी पडलं, तेव्हा त्याच्या जागी ग्लायकॉलला मागणी आली. 1920 च्या दशकात अमेरिकेत त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं आणि 1927 मध्ये ते 'प्रेस्टोन' नावानं मोटारींसाठी बाजारात आलं.

ग्लायकॉल 197 अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून विमानांनीही ते उचललं. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात आधी निव्वळ ग्लायकॉल वापरलं गेलं. पुढे अभियंते दाबाखालच्या मिश्रणाकडे वळले, ज्यात 70 टक्के पाणी आणि 30 टक्के ग्लायकॉल होतं. कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरत नाही. तेवढ्याच वजनाचं ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्तच उष्णता उचलतं. कॅनमधलं घट्ट कूलंट तसंच ओतलं तर इंजिन अधिक थंड राहील, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. मोटारीसाठी साधारण निम्मं-निम्मं मिश्रण योग्य. ते उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं आणि शंभराच्या थोडं वर उकळतं.

मग जिथे पाणी गोठण्याची भीती नाही, तिथे हे द्रव कशाला? याचं पहिलं उत्तर घाटात मिळतं. वाई साधारण 700 मीटर उंचीवर आहे, पाचगणी 1,290 मीटरच्या आसपास. या दोहोंमधल्या पसरणी घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये चढते, वेग कमी म्हणून वारा कमी, आणि इंजिनावर भार पूर्ण. त्यात महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणजे इंजिनाच्या नेहमीच्या तापमानाच्या अगदी जवळ. बोगदा होण्यापूर्वी खंबाटकी घाटात दिसे आणि आजही उन्हाळ्यात कुंभार्ली घाटात दिसतो, तो वाफा सोडत उभा राहिलेला ट्रक याच गणितानं. ग्लायकॉल उकळबिंदू थोडा वाढवतं, आणि रेडिएटरचं दाबाचं झाकण त्यात आणखी वीस-पंचवीस अंशांची भर घालतं. झाकणाचं रबर झिजलं की ही भर गेली. एवढ्याशा सुट्या भागाकडे दुर्लक्ष करून लोक मोठ्या दुरुस्त्या ओढवून घेतात.

दुसरं उत्तर आहे गंज. आजच्या इंजिनाचं हेड आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचे, ब्लॉक बऱ्याचदा लोखंडाचा. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की एकाची झीज वेगानं होते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं धातूवर संरक्षक थर धरतात आणि वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, सीललाही जपतात. हिरव्या जुन्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखी द्रव्यं असत, ती दोनेक वर्षांत संपत. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी कूलंट पाच वर्षं किंवा अधिक टिकतात. रंगावरून मात्र जात ओळखू नये, कारण रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. दोन जातींची सरमिसळ झाली तर आयुष्य घटतं, कधी साकाही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालावं.

आपल्या भागात एवढं पाळलं तरी पुरे. पातळी इंजिन गार असताना, सकाळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. तयार मिश्रण घेणं उत्तम. घट्ट कूलंट घेतलं तर त्यात डिमिनरलाइज्ड पाणी घालावं, नळाचं किंवा बोअरचं नव्हे. पातळी वारंवार उतरत असेल तर नुसतं भरत राहू नये, गळती शोधावी. होज पाइप, वॉटर बॉडी, झाकण आणि शेवटी हेड गॅस्केट पाहावं. ऑइल दुधाळ झालं किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा गोड वासाचा धूर येऊ लागला, तर गाडी तिथेच थांबवावी. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर पाचट आणि धूळ बसते. ती कमी दाबाच्या पाण्यानं आतून बाहेर धुवावी.

घाटात तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावं. गरम असताना झाकण कधीच उघडू नये. दाब सुटताच आतलं द्रव उसळतं आणि हात-तोंड भाजतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

शेवटची गोष्ट गाडीपुरती नाही. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी. पोटात गेलं की मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक तयार होतात आणि कुत्री-मांजरं, लहान मुलं थोडक्या प्रमाणातही दगावू शकतात. तरी कित्येक ठिकाणी जुनं कूलंट काढून सरळ गटारात किंवा ओढ्यात सोडलं जातं. ते बंद कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं आणि टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या अधिकृत सेवा केंद्राकडे द्यावं. ज्या पाण्यावर आपला ऊस आणि आपलं घर चालतं, त्यात हे जाता कामा नये.