खंडकऱ्यांची जमीन आणि पाच वर्षांची मुदत

१/ कोणताही नवा कायदा कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. तो लागू होतो त्या दिवशी कोणीतरी जमीन कसत असते, करार चालू असतात, कारखान्यांचे गाळप सुरू असते. या ‘आधीपासून चालत आलेल्या’ गोष्टींचे काय करायचे, हे सूट देणारी कलमे ठरवतात. माळशिरस तालुक्यातील खंडकऱ्यांनी अशा कलमांचा अनुभव तीन पिढ्या घेतला.

२/ १९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचे धरण पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसच्या माळरानाचे रूप पालटू लागले. १९३२ साली देशी साखर उद्योगाला कायद्याने संरक्षण मिळाले. त्याच दशकात माळीनगर, श्रीपूर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले.

३/ कारखान्याला ऊस हवा होता, तोही सलग क्षेत्रावर. बागायतीचा खर्च लहान शेतकऱ्याला पेलणारा नव्हता. म्हणून कालव्याच्या पट्ट्यातील अनेकांनी आपल्या जमिनी कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने दिल्या. येथे खंडकरी म्हणजे खंड भरणारा नव्हे, तर खंडाने जमीन देणारा मूळ मालक. कूळ होता तो कारखाना!

४/ हीच उलटी रचना पुढे कळीची ठरली. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याचे तत्त्व होते ‘कसेल त्याची जमीन’. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिनी’ कुळे जमिनीची मालक मानली गेली. हा नियम सरसकट लावला असता, तर लहान शेतकऱ्याची जमीन कायद्यानेच कारखान्याच्या मालकीची झाली असती.

५/ ते टळले एका सवलतीमुळे. १९५६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४३-अ ने औद्योगिक उपक्रमांकडील आणि ऊस लागवडीसाठी दिलेले खंडपट्टे या तरतुदींतून वगळले. खंडकऱ्याची मालकी वाचली. कारखान्याचा ताबाही अबाधित राहिला.

६/ मग आला कमाल जमीनधारणेचा कायदा. १९६१ चा हा अधिनियम २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. बारमाही बागायतीसाठी मर्यादा १८ एकर. ‘धारण करणे’ म्हणजे मालक किंवा कूळ म्हणून प्रत्यक्ष ताब्यात असणे, अशी त्याची व्याख्या होती. त्यामुळे खंडाच्या जमिनीही कारखान्याच्या खात्यात मोजल्या गेल्या. शेकडो लहान मालकांची शेते मिळून एक ‘मोठा जमीनदार’ तयार झाला.

७/ कोणत्या दिवसाची परिस्थिती ‘विद्यमान’ मानायची, हा अशा कायद्यांतील नाजूक प्रश्न. या अधिनियमाने ४ ऑगस्ट १९५९ ही तारीख धरली. तिच्यानंतर झालेली हस्तांतरणे कायदा चुकवण्यासाठी केलेली असू शकतात, असे गृहीत होते.

८/ तारखेच्या निवडीत हेतू लपलेला असतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १८९८ मध्ये मतदारांवर साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. पण १ जानेवारी १८६७ रोजी ज्यांच्या वडिलांना वा आजोबांना मताधिकार होता, त्यांना सूट दिली. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता. अशा ‘आजोबा कलमां’ना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

९/ माळशिरसकडे परतू. साखर उद्योग बंद पडू नये म्हणून १९६१ च्या अधिनियमात कलम २८ होते. सरकारजमा झालेली जमीन तुकडे न करता सलग ठेवता येईल आणि कारखान्याचा ऊसपुरवठा चालू राहील, याची त्यात काळजी होती. पुढे ती संयुक्त सहकारी शेती संस्थांना द्यायची होती. त्यांच्या सभासदांच्या यादीत पहिले नाव कोणाचे? ज्यांनी ती जमीन कारखान्याला खंडाने दिली होती, त्यांचे.

१०/ या संस्था उभ्या राहीपर्यंत जमीन शासकीय महामंडळाने कसावी, अशी तात्पुरती सोय होती. मुदत सुरुवातीला तीन वर्षे, वाढवून पाच. त्यानुसार १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. श्रीपूर, सदाशिवनगर हे मळे त्याच्याकडे गेले.

११/ ती पाच वर्षे संपली, पण महामंडळ हटले नाही. कायद्यात दुरुस्त्या होत राहिल्या, प्रश्न मात्र रेंगाळला. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली खंडकऱ्यांनी मोर्चे, निवेदने आणि न्यायालय असा लढा दशकानुदशके चालवला. जमिनी मोठ्या प्रमाणावर परत मिळू लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. तोवर सात-बारावर नाव असलेली पिढी बहुतांशी निघून गेली होती.

१२/ आणि परत आलेली जमीनही भोगवटादार वर्ग-२ म्हणून आली. म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. वडिलोपार्जित मालकी शासनाने दिलेल्या देणगीसारखी हाती पडली. वर्ग-१ साठी वारसांना आणखी झगडावे लागले.

१३/ कायद्याच्या भाषेत अशा तरतुदींना ‘व्यावृत्ती’ म्हणतात. चालू व्यवस्था एकाएकी कोसळू नये, हा त्यांचा रास्त हेतू. परंतु कलम २८ ने उसाचा पुरवठा जपला, तो ज्या मातीतून येत होता तिचा मालक मात्र पाच वर्षांच्या आश्वासनावर सोडला. मुदत लिहिलेली होती. ती उलटल्यावर जमीन आपोआप कोणाकडे जाईल, हे लिहिलेले नव्हते.