विवेकनिष्ठ मानसोपचार

चिंता, अपराधभाव व लाज यांवरील वैयक्तिक उपचारांची एक पद्धती; आरईबीटी या नावाने अधिक परिचित. मनोविश्लेषणाबद्दल भ्रमनिरास झालेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये विकसित केली. माणसाला घटनेपेक्षा ‘असे होताच कामा नये’ हा त्याचा स्वतःचा हट्ट अधिक अस्वस्थ करतो, हे तिचे सूत्र. उपचारक हा हट्ट रुग्णाच्या बोलण्यातून हुडकून काढतो आणि त्याच्याशी उघड वाद घालतो.

लाजेवरचे उपाय सर्वांत धीट. भुयारी रेल्वेच्या भरल्या डब्यात येणारे स्थानक मोठ्याने पुकारायचे, पण उतरायचे नाही. लोक हसले तरी स्वतःला नालायक ठरवायचे नाही. खुद्द एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलून आपला बुजरेपणा घालवला होता. (भेटीचे कबूल केले एकीनेच, तीही आली नाही.)

अत्याचाराच्या आघातावर मात्र हा वाद जपूनच घालावा लागतो. घाई केली तर दोष पीडितालाच दिल्यासारखा होतो. महाराष्ट्रात ही पद्धती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी मराठीत उपलब्ध आहे.