बोरिवली–मुलुंड डोंगररांगेतील झरे, ओहोळ आणि भूजल : नोंदींचा इतिहास

मुंबई उपनगराच्या पाण्याचा इतिहास बहुतांशी तलावांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. विहार, तुळशी, पवई ही नावे परिचित आहेत. त्यांना पाणी पुरविणारे झरे आणि ओहोळ मात्र उपेक्षित राहिले. पश्चिमेस बोरिवली–गोरेगाव व पूर्वेस मुलुंड–ठाणे यांच्यामधील डोंगरांखाली बोगदे खोदण्याचे प्रकल्प हाती घेतले गेल्याने ही उणीव आता केवळ अभ्यासकांपुरती राहिलेली नाही.

या डोंगरांतील पाण्याविषयीचे सर्वांत जुने लिखित पुरावे कान्हेरी येथे आढळतात. तेथील ब्राह्मी शिलालेखांत लेण्यांबरोबर ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याचे उल्लेख आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या या वसतिस्थानात खडकावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत उतरविले जाई. हे दानलेख आहेत, जलमापनाच्या नोंदी नव्हेत, हे भान ठेवणे आवश्यक आहे. तथापि कोणत्या उतारावरून पाणी वाहते याचे सूक्ष्म निरीक्षण असल्याखेरीज अशी रचना संभवत नाही.

एकोणिसाव्या शतकात निरीक्षणाचे प्रयोजन बदलले. बेटावरील विहिरी व तळी वाढत्या लोकसंख्येस अपुरी पडू लागली. हेन्री कॉनीबेअर याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमखोऱ्यात विहार तलाव बांधला गेला व 1860 मध्ये तो पूर्ण झाला. तुळशी 1879 मध्ये झाला. पवईचे पाणी 1890 नंतर काही काळ वापरले गेले, परंतु ते पिण्यास अयोग्य ठरले. या सर्व व्यवहारात मोजला गेला तो पाऊस आणि तलावाची पातळी. उन्हाळ्यात पाड्यावरचा झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हा प्रश्न अभियंत्याच्या वहीत येण्याचे कारण नव्हते. शहराच्या तहानेशी त्याचा थेट संबंध नव्हता.

जमिनीखालील खोदकाम आणि पाणी यांचा संबंध महाराष्ट्राला मुख्यतः विदर्भातील कोळसा खाणींमुळे परिचित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची सरकारी खाण 1906 मध्ये बंद झाली. बल्लारपूर आणि चंद्रपूर परिसरात भूमिगत खाणकाम पुढे चालू राहिले. खाणीत कोळसा काढल्यावर छत खचते, भेगा वर चढतात आणि ओढ्याचे पाणी खाली उतरू शकते. शिवाय उपसा सतत चालू असल्याने भोवतालच्या विहिरींची पातळी घटते. बोगद्यात छत खचू दिले जात नाही, काँक्रीटचे अस्तरही बसते. म्हणून दोहोंची सरसकट तुलना करणे चुकीचे ठरेल. परंतु अस्तर पूर्ण होईपर्यंत बोगदा हा भूजलासाठी निचऱ्याची नळीच असतो. ज्वालामुखीजन्य खडकांत पाणी सांधे, भेगा आणि दोन थरांमधील संपर्करेषा यांतून फिरते. एखादी भेग छेदली गेली तर दूरचा झरा आटू शकतो, आणि अगदी वरची विहीर अबाधितही राहू शकते.

जुलै 2024 मध्ये ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचे व गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्यावरील जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले. पहिल्यात सुमारे 10.25 किलोमीटर आणि दुसऱ्यात 4.7 किलोमीटर लांबी भूमिगत आहे. दोन्ही मार्ग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जातात. दहिसर, पोईसर आणि मिठी या नद्यांचे उगम याच डोंगरांत असून आदिवासी पाड्यांचे जीवनही येथील पाण्याशी बांधलेले आहे.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध येतो. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. प्रदेशाची सर्वसाधारण स्थिती समजण्यास ही पद्धत पुरेशी आहे. परंतु दोन वाचनांमध्ये आटलेला झरा तीत दिसत नाही. झऱ्याचा प्रवाह ठरावीक भांडे भरण्यास लागणाऱ्या वेळेवरून दर पंधरवड्यास मोजता येतो. ओहोळावर बांधीव खाच बसविता येते, आणि पाण्याची विद्युत्‌वाहकता नोंदविल्यास ते पावसाचे की खोल भेगेतले याचा अंदाज बांधता येतो. हे सर्व खोदकामापूर्वी किमान एक पूर्ण जलवर्ष, शक्यतो दोन, व्हावे लागते. कारण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदविला गेला. अशा टोकाच्या वर्षाला आधाररेषा मानल्यास नंतरची प्रत्येक घट बोगद्याच्या माथी मारली जाईल, आणि अवर्षणाचे वर्ष मानल्यास खरी हानीही झाकली जाईल.

जेथे अशी पूर्वनोंद नाही, तेथे पाड्यांतील वृद्धांच्या मौखिक साक्षी, जुने महसुली नकाशे आणि पालिकेच्या तलाव-नोंदवह्या यांचाच आधार उरतो. कान्हेरीची टाकीही यात उपयोगी पडतील, मात्र कोणत्या टाक्यात केवळ पन्हळीचे पाणी येते आणि कोणत्या टाक्यात खडकातून पाझर उतरतो, याची पाहणी आधी मे महिन्यात करावी लागेल.