पोलादी महामार्ग पूल : चिवटपणा आणि शिणवटा

तडा असतानाही एकाएकी न फुटण्याचा पोलादाचा गुण म्हणजे चिवटपणा. बळकटी वेगळी, बळकट पोलाद ठिसूळही असू शकते. वारंवार कमीजास्त होणाऱ्या ताणाने, तो एरवी निर्धोक असला तरी, तडा निर्माण होऊन हळूहळू वाढतो. त्याला शिणवटा म्हणतात.

पुलावरून जाणारा प्रत्येक अवजड ट्रक गर्डरला वाकवून सोडतो. तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो, विशेषतः गर्डरच्या खालच्या बाजूला जोडलेली जादा पट्टी जिथे संपते तिथे. ताणातील चढउतार दुप्पट झाला, तर जोडाचे आयुष्य सुमारे एक-अष्टमांशावर येते. अधिक बळकट, महागडे पोलाद वापरूनही हे आयुष्य फारसे वाढत नाही. ते ठरते जोडाच्या घडणीवरून.

तडा किती वाढेपर्यंत गर्डर तग धरेल, हे मात्र चिवटपणा ठरवतो. थंडीत पोलादाचा चिवटपणा घटतो. मेलबर्नचा किंग्ज ब्रिज 1961 मध्ये खुला झाला आणि जुलै 1962 मधल्या एका गार सकाळी अवजड वाहनाखाली त्याचे गर्डर फुटले. तडे वेल्डिंगच्या वेळीच पडले होते. शिणवट्याला फारसा अवधीही मिळाला नव्हता. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज 15 डिसेंबर 1967 रोजी कोसळून 46 जण दगावले. त्याच्या साखळीतील एका पट्टीच्या भोकात, गंज आणि ताण यांच्या जोडीने, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा गेला होता. जोड उकलल्याशिवाय तो दिसणे शक्य नव्हते, आणि प्रत्येक दुव्यात दोनच पट्ट्या असल्याने एक तुटताच सारा पूल गेला. यानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीची राष्ट्रीय मानके आली.

चिवटपणा शार्पी चाचणीने मोजतात. 10 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी तुकड्याला खाच पाडून तो झुलत्या हातोड्याने तोडतात आणि खर्ची पडलेली ऊर्जा ज्यूलमध्ये नोंदवतात. भारतीय मानक 2062 मधील ‘बी-शून्य’ प्रतीच्या पोलादाची ही चाचणी शून्य अंश सेल्सिअसला होते.

चिवट पोलादाचा खरा लाभ म्हणजे मिळणारी सवड : तडा मोठा होऊन तपासनिसाच्या नजरेस पडेपर्यंत पूल उभा राहतो. सापडलेला तडा थोपवण्यासाठी त्याच्या टोकाशी गोल भोक पाडतात. टोक हुकले, तर तडा भोकाच्या पुढे वाढतच राहतो.