स्वरयंत्र काढल्यानंतरचा आवाज : साधने आणि उपचार

कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागलेल्या रुग्णाला पुन्हा बोलता यावे यासाठी वापरली जाणारी साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिले म्हणजे गळ्यावर बाहेरून टेकवायचे, बॅटरीवर चालणारे विद्युत स्वरयंत्र अर्थात इलेक्ट्रोलॅरिंक्स. दुसरे म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बसवायची सिलिकॉनची झडप, अर्थात व्हॉइस प्रोस्थेसिस. यांशिवाय श्वासाच्या हवेने पत्ती थरथरवणारी जुनी साधने काही देशांत आजही वापरात आहेत. कोणतेही साधन न घेता अन्ननलिकेतून आवाज काढण्याची कलाही शिकता येते.

शस्त्रक्रियेत स्वरयंत्र निघाले की श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्याच्या खालच्या भागात त्वचेला जोडतात. तिथे कायमचे छिद्र राहते. रुग्णालयात त्याला स्टोमा म्हणतात. यापुढचा सारा श्वासोच्छ्वास त्या छिद्रातून होतो. नाक-तोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरत नाही. जीभ, ओठ, दात, टाळू शाबूत असतात, त्यामुळे रुग्ण शब्द अचूक उच्चारत असतो, पण त्या उच्चारांना आवाज पुरवणारा स्रोतच नाहीसा झालेला असतो. फुप्फुसांतली हवा तोंडापर्यंत येत नाही, म्हणून नेहमीसारखे कुजबुजणेही जमत नाही.

सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतील कोपरखैरणे या उपनगरात अशा रुग्णाच्या पुनर्वसनाचा प्रश्न ठळकपणे समोर येतो. इथे माथाडी कामगारांची मोठी वसाहत आहे. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेल्या या कुटुंबांचे पोट वाशीच्या घाऊक बाजारांतल्या ओझ्यावर चालते. आता अवजड वस्तू उचलताना माणूस काय करतो ते पाहावे. तो छातीत हवा भरतो, स्वरयंत्राचे पडदे घट्ट मिटतो आणि कोंडलेल्या हवेच्या आधाराने पाठीला बळ देतो. स्वरयंत्र नसलेल्याला हवा अशी कोंडता येत नाही. ती गळ्यातल्या छिद्रातून निघून जाते. म्हणजे आवाज परत मिळाला तरी पोती उचलण्याचे काम परत मिळेलच असे नाही. पुनर्वसनाचा विचार बहुधा बोलण्यापाशीच थांबतो आणि श्रमिकाच्या दृष्टीने ती मोठी उणीव आहे.

स्वरयंत्राच्या कर्करोगामागे विडी-सिगारेट हे सर्वांत मोठे कारण आणि त्याला दारूची जोड मिळाली की धोका कितीतरी वाढतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे प्रौढ २४.४ टक्के होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के. त्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाची चर्चा अधिक होते आणि घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. लवकर सापडलेल्या रोगात किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने स्वरयंत्र वाचू शकते. पुढच्या टप्प्यातही ते नेहमीच काढावे लागते असे नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत केमोथेरपी आणि किरणोपचार दिलेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र टिकले. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण त्यानंतर अनेक देशांत घटले.

कोपरखैरण्याच्या रहिवाशाला टाटा स्मारक केंद्राची दोन ठिकाणे जवळ पडतात. एक म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. दुसरे खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार-संशोधन केंद्र. ठाणे-पनवेल लोकल कोपरखैरण्याहून थेट खारघरला जाते. परळसाठी मात्र वाटेत गाडी बदलावी लागते. उपचार एकदाच घेऊन संपणारे असते तर या तपशिलाला एवढे महत्त्व नसते. पण कृत्रिम आवाज टिकवायचा तर रुग्णालयाच्या फेऱ्या वर्षानुवर्षे चालू राहतात.

या उपचारांचा इतिहास व्हिएन्नात सुरू होतो. थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी एका धर्मशिक्षकाचे कर्करोगग्रस्त स्वरयंत्र पूर्ण काढले आणि त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्याच रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवले. त्यात पेटीच्या सुरासारखी धातूची पत्ती होती. रुग्ण बोलू लागला. पण रोग उलटला आणि काही महिन्यांतच तो दगावला. पुढे जवळजवळ शतकभर अन्न-पाणी श्वासनलिकेत न उतरता हवा मात्र तोंडाकडे कशी न्यावी, या एकाच अडचणीशी शल्यविशारद झुंजत राहिले. १९३२ साली मॅक्स गुटमन यांनी नोंदवलेला किस्सा विलक्षण आहे. एका रुग्णाने तापवलेल्या टोच्याने स्वतःच श्वासनलिकेतून अन्ननलिकेत भोक पाडले आणि त्याला बोलता येऊ लागले! तो मार्ग कुणीही अनुसरू नये, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्याची कल्पना बरोबर होती.

ती कल्पना सुरक्षितपणे प्रत्यक्षात आणली मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम यांनी. अमेरिकेतील इंडियानापोलिसचे हे दोघे, एक शल्यविशारद आणि दुसरा वाचा-उपचारतज्ज्ञ. त्यांची पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन नलिकांमधल्या भिंतीला लहान छिद्र पाडून त्यात एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायची. बोलताना रुग्ण गळ्यातले छिद्र अंगठ्याने झाकतो; उच्छ्वासाची हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथला वरचा स्नायुमय भाग थरथरतो आणि आवाज उमटतो. गिळताना झडप मिटलेली राहते. पुढे ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेत फ्रान्स हिल्गर्स आणि सहकाऱ्यांनी प्रोव्हॉक्स ही जागच्या जागी राहणारी झडप विकसित केली. ही झडप रुग्णाला रोज काढून घालावी लागत नाही.

झडप स्वतः बोलत नाही, ती फक्त हवेला वाट देते. म्हणूनच हा आवाज सलग आणि बऱ्यापैकी नैसर्गिक वाटतो. वाक्याला फुप्फुसांची सगळी हवा मिळते. अन्ननलिकेच्या आवाजात ही सोय नाही. त्यात हवा आत घेऊन ढेकरेसारखी परत काढावी लागते आणि एका वेळी जास्तीत जास्त ८० मिलिलिटरच्या आसपास हवाच हाताशी असते. शब्द तुटक येतात, शिकायला महिने लागतात, आणि अनेकांना ते जमतही नाही. मात्र खर्च शून्य, दोन्ही हात मोकळे. दोन्ही पद्धतींत आवाज खालच्या पट्टीत येतो आणि त्याचा त्रास स्त्रियांना अधिक होतो. फोनवर पुरुष समजले जाणे हा अनुभव त्यांच्या वाट्याला वारंवार येतो.

विद्युत स्वरयंत्र शस्त्रक्रियेनंतर लवकर वापरता येते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९६० मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारे नमुने आणले. त्यांत पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळ्या पट्ट्या होत्या. गळ्याच्या मऊ जागी टेकवलेले यंत्र कंप पाठवते आणि रुग्ण जीभ-ओठांनी त्याला शब्दांचा आकार देतो. गळा सुजलेला वा किरणोपचाराने कडक झाला असेल तर तोंडात नळी धरून कंप नेतात. आवाज एकसुरी, यांत्रिक येतो. मराठी बोलणाऱ्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. यंत्राचा कंप अखंड चालू असल्याने ‘क’ आणि ‘ग’ जवळजवळ सारखे ऐकू येतात. तोंडातून श्वास न गेल्याने ‘ह’ हरवतो आणि ख, थ, भ यांसारख्या महाप्राण वर्णांतला प्राण जातो. काडी, गाडी आणि खाडी यांतला फरक ऐकणाऱ्याला संदर्भावरून ओळखावा लागतो. म्हणून प्रशिक्षण मराठीतून मिळणे आवश्यक आहे आणि घरच्यांनाही त्यात बसवले पाहिजे.

झडपेची खरी परीक्षा बसवल्यानंतर सुरू होते. कँडिडा ही बुरशी आणि जिवाणू सिलिकॉनवर थर धरतात, झडप नीट मिटेनाशी होते आणि चहाचा घोट घेताच खोकला येतो. गळती हीच झडप बदलण्याची खूण. साधारणपणे काही महिन्यांतच ही वेळ येते. तोवर लहान ब्रशने ती रोज साफ करावी लागते. आयात झडपेची किंमत हजारोंच्या घरात असल्याने गळती लागूनही दिवस ढकलणारे रुग्ण असतात, आणि त्यात न्यूमोनियाचा धोका असतो. बंगळुरूचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी उद्योजक शशांक महेश यांच्यासह ‘ऑम’ नावाची, सुमारे ५० रुपयांत मिळावी अशी झडप तयार केली. २०१५ च्या सुमारास ती प्रकाशझोतात आली. स्वस्त झडपेइतकीच गरज आहे ती बदलणारा प्रशिक्षित हात आणि वाचा-उपचारतज्ज्ञ घराजवळ असण्याची.

नाक वगळले गेल्याने हवा गाळण्याचे, कोमट आणि दमट करण्याचे कामही थांबते. कोपरखैरण्याच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आहे. अशा हवेत उघडे छिद्र घेऊन वावरणाऱ्याला कफ आणि खोकला छळतो. छिद्रावर बसणारी उष्णता-आर्द्रता राखणारी गाळणी यावर उपयोगी पडते; ती परवडत नसेल तर ओलसर सुती कापड तरी हवेच. वासही जातो. मसाला बाजारात काम केलेल्या माणसासाठी ही लहान हानी नव्हे. ओठ मिटून, आतल्या आत जांभई दिल्यासारखा जबडा खाली नेत नाकात हवा ओढण्याचा व्यायाम हिल्गर्स यांच्या गटाने शिकवायला सुरुवात केली आणि त्याने अनेकांना वास पुन्हा येऊ लागला.

आंघोळीच्या वेळी छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून गळ्यावर आडोसा लावतात. पोहणे खास साधनाशिवाय वर्ज्य. असा रुग्ण बेशुद्ध पडला तर तोंडाने श्वास देऊन उपयोग होत नाही. ऑक्सिजनचा मास्क आणि कृत्रिम श्वास दोन्ही गळ्यातल्या छिद्रावरच द्यावे लागतात, आणि गळ्याभोवतीचा रुमाल आधी बाजूला करावा लागतो. ‘मी गळ्यातून श्वास घेतो’ असे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड रुग्णाच्या खिशात असावे. लोकलच्या गर्दीत, रिक्षात किंवा रुग्णवाहिकेत ते समोरच्या अनोळखी माणसाला लगेच दाखवता येते.